पैसे बाईच्या खात्यात, पाणी गावाच्या हातात

कापूस वेचणीचे दिवस आले की आमच्याकडे मराठवाड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, पारावर असो, लग्नाच्या पंगतीत असो की फॅमिली ग्रुपवर असो. "सरकारने फुकट देऊन देऊन लोकं आळशी करून टाकली, आता वेचायला बाई मिळत नाही." बोलणारा बहुतेक वेळा पंधरा-वीस एकरवाला असतो किंवा त्याचा पुण्यात आयटीत असलेला पोरगा असतो, आणि मग रेशनचं धान्य, लाडकी बहीण, घरकुल, एसटीचं अर्धं तिकीट सगळं एकाच गाठोड्यात बांधून फुकट्यांची आरती सुरू होते. दोन मिनिटांनी तोच माणूस हळूच विचारतो, कर्जमाफीचं काही ऐकलं का रे?

असो. आधी हिशोब करू, कारण या विषयावर हिशोब कुणी करत नाही, सगळे नुसते तापतात. लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. चांगल्या हाताची बाई दिवसभरात चाळीसेक किलो कापूस वेचते, किलोला दहा रुपये धरले तरी ४०० झाले. म्हणजे अख्ख्या महिन्याचे १५०० म्हणजे जेमतेम चार दिवसांची वेचणी. चार दिवसांच्या पैशावर तीस दिवस घरी बसून खाणारी बाई मला दाखवा, मी तिचा सत्कार करतो, असलं बजेट राज्याच्या अर्थखात्यालाही जमलेलं नाही. होतंय ते वेगळंच. जी बाई आधी सांगेल त्या भावात सकाळी सातला बांधावर हजर व्हायची ती आता विचारते की भाव काय देणार, रिक्षाचं भाडं कुणाकडे, आणि मागच्या वेचणीचे राहिलेले पैसे कधी देणार. तिच्यात चार दिवस थांबायची ताकद आली, बस एवढंच झालंय. ज्याला आपण आळस म्हणतोय तो बऱ्याच वेळा भाव करण्याचा हक्क असतो, आणि शेतमालाला भाव मिळत नाही म्हणून रस्त्यावर कांदा ओतणाऱ्या आपल्या समाजाला हे खरं तर लगेच कळायला हवं.

हे फक्त माझं मत नाही. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात रोख मदतीच्या कार्यक्रमांचे आकडे एकत्र तपासले होते, त्यात पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम कमी केलं असं काही ठोस सापडलं नाही. तो विषय तिथे संपायला हवा होता पण संपत नाही, कारण ही चर्चा आकड्यांची नसून रागाची आहे.

मग परावलंबन नाहीच का? आहे की, भरपूर आहे. फक्त आपण ते भलत्याच ठिकाणी शोधतोय.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, जे काही पैसे लागले ते त्या उचलीतून गेले, मग सहा महिने पहाटेपासून मोळ्या बांधून ती फेडायची, आणि नाही फिटली तर पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जायचं. पोरांची शाळा बुडते, बाईच्या कमरेचे हाल होतात, आणि एवढं करून माणूस परत उचलीवरच येतो. याला कुणी परावलंबन म्हणत नाही, याला आपण "मेहनती लोकं आहेत बिचारी" म्हणतो. आणि ज्या कारखान्यांसाठी हे चालतं त्यातले कित्येक सरकारच्या थकहमीवर कर्ज काढून उभे आहेत, पण कारखान्याला मिळालं तर ते धोरण आणि बाईला मिळालं तर ते फुकट, अशी आपली वाटणी.

दुसरं ठिकाण मायक्रोफायनान्सचं. आमच्या भागात कुठल्याही वस्तीत सकाळी आठच्या सुमाराला जा, गल्लीत सतरंजी टाकून बायका बसलेल्या दिसतील, समोर मोटारसायकलवर आलेला पंचविशीतला पोरगा टॅब घेऊन. एखादी आली नाही की बाकीच्या एकमेकींकडे बघतात, कुणी पदराच्या गाठीतून शंभर काढते, कुणी दोनशे, आणि तिचा हप्ता पुरा करतात, कारण तो पुरा होईस्तोवर पोरगा उठत नाही. दुपारी मग त्या न आलेल्या बाईच्या दारात बाकीच्यांचं भांडण. ही सुद्धा कम्युनिटीच आहे बरं का! शेजारणींची ओळख, एकमेकींची लाज, एकमेकींवरचा विश्वास, हे सगळं वसुलीच्या कामाला जुंपलेलं आहे, आणि कंपनीला तारण लागत नाही कारण बाईची अब्रू हेच तारण. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांवरची व्याजाची कमाल मर्यादा काढून टाकली, त्याबदल्यात सगळे हप्ते मिळून घरच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत असा नियम घातला, पण घरचं उत्पन्न किती हे लिहिणार कोण तर तोच टॅबवाला पोरगा. मी बघतो त्या कित्येक घरांत लाडक्या बहिणीचे पैसे जमा झाले की त्याच आठवड्यात इकडे वळते होतात.

तर "सरकारी मदत कमी करा, समाजानेच समाजाचं बघावं" हे जे लोक म्हणतात त्यांचं म्हणणं मला ऐकायला गोड वाटतं पण पचत नाही. आपल्याकडे समाजानेच समाजाचं बघायची एक मोठी जुनी व्यवस्था होती, तिचं नाव बलुतं. गावाने सांभाळायचं, खळ्यावर पेंढ्या द्यायच्या, शिळंपाकं द्यायचं, आणि त्याच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या राबवून घ्यायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाविरुद्ध, म्हणजे गावकीच्या कामाच्या बदल्यात पिढीजात मिळणाऱ्या जमीन-बलुत्याविरुद्ध, बिल आणलं तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की हे वतन म्हणजे आधार नाही, ही बेडी आहे, यामुळे माणसाची उमेद मरते. परावलंबनावर इतकी नेमकी टीका महाराष्ट्रात त्यांच्याइतकी कुणी केली नसेल, आणि ती सरकारी मदतीवर नव्हती, गावावर होती. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत तर त्यांनी खेड्याची पार सालं काढली. म्हणून "गाव करी ते राव न करी" म्हणताना गाव म्हणजे नक्की कोण, वरची आळी की खालची, एवढं तरी विचारावं.

पण याचा अर्थ गावाच्या पातळीवरचं काम फोल असतं असाही नाही, उलट माझं तर म्हणणं आहे की गरिबी कायमची हटल्याची जी उदाहरणं महाराष्ट्रात आहेत ती जवळपास सगळी गावाच्या पातळीवरचीच आहेत. फक्त त्यांची जी गोष्ट सांगितली जाते ती अर्धी असते.

हिवरे बाजार घ्या. नगर तालुक्यातलं गाव, पाऊस जेमतेम, १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान, डोंगरावर चर खोदले, पाणी अडवलं, पुढे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला लागले की यंदा पाऊस किती, त्यातलं पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरलं तर कुठलं पीक घ्यायचं. शेतीसाठी बोअर मारायचं नाही, उसासारखं पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. १९९५ ला गावात दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबं होती, २०१० पर्यंत ती तीनवर आली असं सांगतात. आता हे उदाहरण व्हॉट्सॲपवर फिरतं तेव्हा खाली लिहिलेलं असतं की "बघा, सरकारच्या भिकेशिवाय गाव कसं उभं राहतं". अहो, ते चर खोदायला पैसा कुठून आला? आदर्श गाव योजनेतून आणि रोजगार हमीतून. सरकारी पैसाच होता तो, फक्त काय करायचं, कुठे खोदायचं, कुणी पाळायचं हे गावाने ठरवलं. म्हणजे सगळं काही त्या "ठरवलं"मध्ये आहे.

रोजगार हमीबद्दल थोडं लांबण लावतो, कारण नव्या पिढीला ती केंद्राची योजना वाटते. ती महाराष्ट्राची आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला साठच्या दशकात तिचा प्रयोग केला आणि १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा तीच कल्पना राज्यभर कामाला आली, ७३ च्या उन्हाळ्यात तर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. खडी फोडली, रस्ते केले, पाझर तलाव खोदले. आमच्या घरी अजून दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीच्या आठवणी निघतात आणि त्या सांगताना कुणाच्या आवाजात लाज नसते, कारण ते घाम गाळून मिळवलेलं होतं. १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, काम मागितलं की सरकारने द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा. २००५ चा केंद्राचा कायदा आला तो यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी.

आणि याचा पैसा? तुमची सॅलरी स्लिप काढा. त्यात पीटी म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतील, वर्षाचे २५००. हा व्यवसाय कर १९७५ ला लावला तो याच कामासाठी, शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा म्हणून, आणि सरकारने त्यात तेवढीच भर घालायची. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने विसापूरच्या मजुराशी असा कायद्याने बांधलेला संबंध देशात पहिल्यांदा इथे जोडला गेला, आणि आज तो कापून घेणाऱ्या एचआरलाही माहीत नाही आणि कापला जाणाऱ्यालाही नाही. मला हे फार विचित्र वाटतं. समाजाने समाजाचं बघायचं ते असं बघितलं होतं आपण, कुणाच्या दयेवर न सोडता.

पण रोजगार हमीतही एक भोक होतं आणि ते मोठं होतं. पाझर तलाव खोदला भूमिहीनाने, आणि तलावाचं पाणी पाझरलं ते ज्याची विहीर खाली होती त्याच्या विहिरीत. खोदणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी मिळाली, विहिरीवाल्याला पुढची तीस वर्षं ऊस मिळाला. पुढच्या दुष्काळात खोदणारा परत कामावर, विहिरीवाला बागायतदार. खोदणारा आळशी होता म्हणून तो परत आला का? त्याच्या हातून जे उभं राहिलं त्यात त्याचा वाटा नव्हता म्हणून तो परत आला. गरिबीच्या चर्चेत हा एवढा एक मुद्दा जरी नीट घट्ट धरला तरी बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं असं मला वाटतं.

हा मुद्दा ज्या माणसाने धरला ते विलासराव साळुंखे. पुण्याचे इंजिनियर, उद्योजक, स्वतःचा कारखाना असलेला माणूस. ७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात लोक खडी फोडताना बघितले आणि त्यांना वाटलं की एवढी मेहनत जर पाणी अडवायला लावली तर पुढचा दुष्काळ तरी असा जाणार नाही. नायगावला देवस्थानाची ४० एकर उजाड माळाची जमीन घेऊन तिथे आधी स्वतः पाणलोटाचं काम करून दाखवलं, आणि मग त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम वाचताना अजून अंगावर येतं. पाणी जमिनीला नाही, माणसाला. घरात माणसं किती त्यावर वाटा, माणशी अर्ध्या एकरापुरतं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. तुमची जमीन वीस एकर असेल तर असू द्या. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करील. जमीन विकली म्हणून पाणी विकलं जाणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा लाभधारकांनी आधी काढायचा, फुकट कुणालाच नाही.

यात सरकारचं अनुदान होतं, साळुंख्यांच्या संस्थेचं बिनव्याजी कर्ज होतं, लोकांचा पैसा होता. तिन्ही होतं. आणि पाण्याचा वाटा आधी ठरलेला होता, पाणी आल्यावर नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, आधी धरण, मग कालवा, मग भांडण, मग ज्याचा हात वरच्या अंगाला त्याचं पाणी, आणि शेपटाकडच्याने फक्त पाणीपट्टीच्या नोटिसा गोळा करायच्या. सांगली जिल्ह्यात येरळेवर बळीराजा धरण लोकांनी बांधलं त्यातही भूमिहीनांचा वाटा धरला होता, आणि आटपाडीच्या पाणी परिषदांमधून नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांनी समन्यायी वाटपाची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. म्हणजे विचार नवीन नाही आणि कुठल्या परदेशी विद्यापीठातून आलेला तर अजिबात नाही. तरी राज्याच्या सिंचनात आजही पाणी मिळतं ते लाभक्षेत्रात जमीन असणाऱ्याला. साळुंख्यांना पुरस्कार मिळाले, त्यांचा नियम काही राज्याने घेतला नाही. पुरस्कार देणं स्वस्त पडतं.

पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या असं मात्र नाही. उपसा योजना म्हटलं की वीजबिल आलं, पंप जळणं आलं, नव्या पिढीला ऊस खुणावणं आलं. पण सरकारी उपसा योजनांचे पांढरे हत्ती किती ठिकाणी बंद पडून आहेत ते बघितलं तर या बिचाऱ्या छोट्या योजनांना एकट्याने नापास करता येत नाही.

तिसरं गाव गडचिरोलीतलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. गोंड वस्ती, शंभरेक घरं, निर्णय सगळ्यांच्या संमतीने, बहुमताने नाही, एकाचाही विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद मिळाला खरा, पण बांबू विकायला गेले तर वाहतूक परवाना वनखात्याकडे! म्हणजे जंगल तुझं पण जंगलातलं बाहेर न्यायचं नाही. दोन वर्षं झगडल्यावर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. मग ग्रामसभेने बांबू विकला, तोडणाऱ्यांना मजुरी दिली, पॅन कार्ड काढलं, गावाचा निधी उभा केला. २०१३ ला तर गावाने जमिनी ग्रामसभेच्या नावे करून ग्रामदान जाहीर केलं, १९६४ चा ग्रामदान कायदा कुठल्या तरी कपाटात धूळ खात पडला होता तो काढून.

मेंढ्याला सरकारने काय दिलं? अनुदान फारसं नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसं तिथे वर्षानुवर्षं अभ्यास गट चालवत होती, कायदा वाचत होती, म्हणून गाव तयार होतं हे खरंच, पण गरिबी हलली ती त्या पुस्तकाने. एक परवाना पुस्तक. जे गाव पिढ्यान्‌पिढ्या वनखात्याच्या गार्डपुढे हात जोडायचं त्याच्या हातात विक्रीचा अधिकार आला. आता मला सांगा, त्या आधी ते गाव परावलंबी होतं तर कुणामुळे होतं?

हेच बचत गटांबाबत. १९७५ ला माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं, १९९२ पासून नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेने गट बँकांना जोडायला सुरुवात केली, पुढे सरकारचं उमेद अभियान आलं, गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी उतरंड रचली गेली. गटाने बाईला घराबाहेर काढलं, सही शिकवली, बँकेत जायला शिकवलं, सावकाराचा दरवाजा थोडा तरी बंद केला, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते कमी नाही. पण गटाच्या हातात दिलं काय? कर्ज. जमीन नाही, पाणी नाही, जंगल नाही, सरकारी गोदाम नाही, मासेमारीचं तळं नाही. फक्त कर्ज, आणि मग पापड-लोणची-कुरडया. सगळ्या महाराष्ट्राच्या बायकांनी पापड लाटायचे आणि जिल्हा परिषदेच्या मैदानावर चार दिवस स्टॉल लावायचे, ते खाणार कोण? शाळेच्या पोषण आहाराचं काम गटांना मिळालं तिथे बायकांना रोजचं उत्पन्न मिळालं, आणि बिलं महिनोन्‌महिने लटकली की त्याच बायका किराणा दुकानदाराच्या उधारीत गेल्या. गटाला सक्षम म्हणायचं असेल तर त्याच्या हातात साधन लागतं, नुसतं भाषण आणि पासबुक नाही.

परत लाडक्या बहिणीकडे येतो, कारण माझा आक्षेप तिथेही आहे पण तो पंगतीतला आक्षेप नाही. जून २०२४ मध्ये घोषणा, जुलैपासून योजना, नोव्हेंबरमध्ये विधानसभा. २१ ते ६५ वय, अडीच लाखांच्या आत उत्पन्न. निवडणुकीच्या आधी अर्ज करायला रांगा आणि मंजुरी धडाधड, प्रचारात २१०० चा वायदा, आणि निवडणूक झाल्यावर पडताळणी. सरकारी नोकरीतल्या बायका आणि चक्क पुरुषसुद्धा यादीत सापडले, त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण मग ई-केवायसीत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं. जिचा नवरा वारला, वडील वारले, किंवा जिला नवऱ्याने टाकून दिलंय तिने ओटीपी कुणाच्या मोबाइलवर मागवायचा? ज्या बाईसाठी हे पैसे सगळ्यात गरजेचे तीच पहिली अडकली. दर महिन्याला "हप्ता कधी येणार" ही बातमी, सणाला दोन महिन्यांचे एकदम, मध्येच गायब. हे परावलंबन आहे. पैसे मिळण्याने ते आलेलं नाही, पैसे हक्क म्हणून न मिळता मर्जी म्हणून मिळण्याने आलंय. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, कुठल्याही पुढाऱ्याच्या फोटोशिवाय, कायद्याने मिळणारे १५०० रुपये माणसाला मोकळं करतात, आणि भाऊबिजेच्या ओवाळणीसारखे आलेले तेवढेच १५०० त्याला ताटाखालचं मांजर करतात.

आणि पैसा आणला कुठून तेही बघा. वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असा सुरुवातीचा अंदाज होता. २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्याचा निधी इकडे वळवला गेला, खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणजे दलित-आदिवासी वस्तीचा सामूहिक पैसा काढून त्यातल्याच बाईच्या खात्यात थोडा थोडा टाकायचा, आणि वर उपकार. वसतिगृह गेलं, वस्तीचा रस्ता गेला, १५०० आले. एकेकट्या माणसाला पैसे देणं आणि वस्तीला साधन देणं यात निवड करायला लावणं हीच मुळात फसवणूक आहे, दोन्ही लागतं. बाईच्या हातात रोख असेल तर ती मुकादमाची उचल नाकारू शकते, टॅबवाल्या पोराला पुढच्या आठवड्यात ये म्हणू शकते, आणि ग्रामसभेत उठून बोलू शकते, कारण ज्याच्या शेतात उद्या कामाला जायचंय त्याच्याच विरुद्ध आज बोलायचं म्हणजे पोटाशी वैर. रोख पैसा हा गावकीतल्या लोकशाहीचा पाया आहे असं म्हटलं तर मोठं वाटेल पण मला ते तसंच दिसतं.

मात्र ग्रामसभा असायला तर हवी! आमच्याकडच्या बहुतेक ग्रामसभा म्हणजे रजिस्टर. शिपाई घरोघर फिरतो, "काका, इथं सही करा", काका सही करतात, सभा झाली. याला दोष गावाला देऊ नका, ज्या सभेच्या हातात ठरवायला काहीच नाही तिथे कोण आपली मजुरी बुडवून बसेल? योजना वरून आली, निधी कशावर खर्च करायचा तेही वरून आलं, ठेकेदारही वरूनच आला, ग्रामसभेने फक्त टाळ्या वाजवायच्या. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू आहे तिथे, राज्याने आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना द्यायला सुरुवात केली, कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचं. त्यातही ग्रामसेवक-सरपंच-ठेकेदार मिळून गडबड करतात अशा तक्रारी आहेतच, पण जिथे काही ठरवायचं असतं तिथे भांडण होतं आणि जिथे भांडण होतं तिथे लोक येतात. मला तर भांडण होणारी ग्रामसभा सह्यांच्या ग्रामसभेपेक्षा शंभर पटीने बरी वाटते.

कुणी म्हणेल पाच टक्क्यांचं पेसाबाहेर का नाही? बरोबर विचारताय. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कोरडवाहू गावांना हाच नियम लावायला काय हरकत आहे? गावाच्या तळ्यातली मासेमारी, गायरान, गावाच्या हद्दीतली वाळू, सौरऊर्जेसाठी भाड्याने जाणारी गावची जमीन, या सगळ्याचं उत्पन्न आज एक तर लिलावातून ठेकेदाराकडे जातं किंवा अतिक्रमणातून दांडग्याकडे. त्यातला ठरलेला हिस्सा गावाकडे यावा आणि गावातल्या वाटणीचा नियम साळुंख्यांचा असावा, माणशी, जमिनीप्रमाणे नाही, आणि भूमिहीनांचा वाटा आधी. हा नियम वरून कायद्याने घालून द्यावा लागेल, गावावर सोडून चालणार नाही, कारण गावावर सोडलं तर काय होतं ते बलुत्यात बघितलंय. बाकीचं, म्हणजे तळ्यात मासे कुठले सोडायचे, गायरानावर झाडं लावायची की चारा, ते गावाने बघावं, त्यातलं मंत्रालयाला काही कळत नाही.

आणि वर्षाला आमचे २५०० कापले जातात ते नेमके कुठे गेले, याचं तालुकावार उत्तर दर वर्षी पगारदारांना मिळायला हवं. मागितलं पाहिजे आपण. आयटीतल्या पोरानेही मागावं, त्याच्या वडिलांच्या विहिरीखालचा पाझर तलाव कदाचित त्यातूनच झाला असेल, आणि तो खोदणाऱ्या बाईची सून आता वेचणीला भाव विचारतेय.